कडक खाणारा

आणला तेव्हा वाटाण्याएवढा.
छावणीतला दुकानदार म्हणाला, "भिया, इतनाच रहता है,"
आणि पिशवीच्या तोंडाला रबर लावलं.
पंधरा दिवस मी नावही ठेवलं नाही.
जगला तर बघू.

सुरुवातीला लाल अळ्या,
ड्रॉपरच्या टोकाशी एकेक.
एक डोळा अळीवर, दुसरा माझ्यावर
(दोन्ही वेगवेगळे फिरतात त्याचे)
आणि मग अळी नसायची.

मी कवळ्या करतो.
रामबागेत जिन्याखालची खोली,
फळीवर प्लास्टरचे जबडे.
दिवसभर घासतो ते दात, जे कधी वाढणार नाहीत.
संध्याकाळी याच्यासमोर बसतो,
ज्याचे चार दात थांबतच नाहीत.

तिसऱ्या महिन्यात अळ्या पुरेनात.
"कडक खिलाओ, नहीं तो चोंच बढ़ेगी,"
हेही त्याच दुकानदारानं सांगितलं, आता.
मग लोणच्याच्या बरणीत गोगलगाई पाळल्या.
त्यांना उकडलेला पालक, काकडीची चकती,
समोरच्या सलूजांकडून मागून आणलेली
अंड्याची टरफलं, कुटून,
कवच घट्ट व्हावं म्हणून.
म्हणजे फुटताना नीट फुटावं म्हणून.
हे मला हेमलताला समजावता आलं नाही.
"एकाला वाढवायचं दुसऱ्याच्या तोंडी द्यायला,
आणि वर पालक आपल्या घरचा."
दुसऱ्या दिवशी ओट्यावर
पालकाची देठं वेगळी काढून ठेवलेली.

पहिली गोगलगाय.
कट्.
काचेतून ऐकू आलं,
सुपारी फोडल्यासारखं, पण दूर कुणाच्या घरी.
त्या दिवशी नाव ठेवलं: चिटणीस.
चिटणीस सरांची खालची कवळी
सहा वर्षं माझ्या कपाटात आहे,
न्यायला आले नाहीत.
गाल अगदी तेच.

लिंबाएवढा झाला. मग पेरूएवढा.
टाकी दोनदा बदलली.
नळाला नर्मदा येते एक दिवसाआड,
तिचा दवाखान्याचा वास उडावा म्हणून
आठ बादल्या रात्रभर गच्चीत;
लोक विचारतात, घरात कार्य आहे का.
एका बरणीच्या तीन झाल्या.
मग झिंगे, सालासकट, वर्तमानपत्रात गुंडाळून,
चोरासारखा जिना चढत.
एकदा खेकड्याची नांगी.
ती त्यानं दोन दिवस पुरवली.

श्रावणात मी काविळीनं पडलो, पार भाद्रपद सरेपर्यंत.
तिनंच खाऊ घातलं त्याला.
नाकाला पदर, हातात चिमटा,
आणि टोचेल बिचाऱ्याला म्हणून
एकेक झिंगा सोलून.

उठलो तेव्हा चिटणीस कोपऱ्यात.
गोगलगाय तोंडापर्यंत नेली
आणि सोडून दिली.
दातावर दात चढलेला,
रंगानं चिकटलेल्या खिडकीसारखं तोंड.

मी तिला सांगितलं नाही.
ती भिशीला गेली त्या दुपारी
पातेल्यात पाणी, पाण्यात लवंगेचं तेल,
कामाच्या खोलीतली तीच बाटली
जी दाढ धरून आलेल्यांसाठी ठेवलेली असते.
एक थेंब. थांबलो. अजून एक.
तो कलला.
ओल्या फडक्यात धरला, पाण्याखालीच;
बोटांत पोट फुगायला निघालं
आणि मध्येच विसरलं.
तीस वर्षं जबड्यांत हात आहेत माझे,
एकही माझ्याकडे बघत नव्हता.
नखांची कात्री.
खट्, वरचा.
खट्, खालचा.
तांदळाच्या कणीएवढे दोन तुकडे.
मग त्याचे कल्ले मोजत बसलो,
चहा गार होऊन साय धरेपर्यंत.

ती आली, दारातच थांबली.
"लवंगेचा वास येतोय. दाढ दुखतेय?"
मी हो म्हणालो.

म्हणून तीन दिवस मला मऊ खिचडी.
तिसऱ्या रात्री ताटं घेतली, तूप वाढलं,
आणि आतल्या खोलीतून
कट्.

हेमलताचा हात वाटीवर थांबला.
"बरणीतला पालक संपलाय," ती म्हणाली.